आजारपणाच्या आधीचा माणूस

लकवा मारून पाच-सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजोबांबद्दल त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाला विचारून बघा. कॉट, लघवीची नळी, डेटॉलचा वास आणि ‘गलका करू नकोस, आबा झोपलेत’ हे आईचं दटावणं, एवढंच तो सांगेल. त्यात त्याची काही चूक नाही, त्याच्या वाट्याला तेवढेच आबा आले. याच आबांनी उमेदीत कोरडवाहू रानात विहीर पाडली, दोन बहिणींची लग्नं लावून दिली, पोळ्याला बैलांच्या शिंगांना स्वतःच्या हातानं हिंगूळ लावला आणि भजनात पखवाज धरला की उजाडेपर्यंत खाली ठेवला नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि नातवाचंच कशाला? इतकी वर्षं उशापायथ्याशी बसलेल्या मुलाच्या आणि सुनेच्या डोळ्यांपुढेही आधी कॉटच येते.

तडकाफडकी गेलेला माणूस चालता-बोलता आठवतो. दीर्घ आजारानं गेलेल्याच्या आठवणीवर मात्र आजार ठाण मांडून बसतो. डॅनियल कानमन आणि डोनाल्ड रेडेलमायर या अभ्यासकांनी १९९६ साली आतड्याची तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांबद्दल एक निबंध लिहिला होता. तपासणी किती वेळ चालली याचा हिशेब रुग्णाच्या मनात फारसा राहत नाही. सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरूनच तो सगळ्या तपासणीचं माप काढतो, असं त्यांना आढळलं. घरातल्या कर्त्या माणसाचं आयुष्य म्हणजे आतड्याची तपासणी नव्हे, हे कबूल. पण मनाची खोड तीच. साठ वर्षांच्या आयुष्यावर शेवटची पाच वर्षं पसरतात.

म्हणून सांगायचं आहे ते इतकंच, की आजारी माणसाची आठवण आपोआप राहते, धडधाकट माणसाची मुद्दाम राखावी लागते. ते काम पहिल्या वर्षातच हाती घ्यावं. त्यानंतर सांगणारी माणसंही पांगतात.

सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, किल्लारी या पट्ट्यातल्या घरांना हे काम जास्तच कठीण जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. ट्रंका, कपाटं, भिंतीवरच्या तसबिरी, लग्नातले फोटो, सगळं त्याच ढिगाऱ्यात गेलं. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली माणसं आता साठी-सत्तरीला आलीत आणि लकवा, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग अशा लांबणाऱ्या दुखण्यांनी जातात ती हीच पिढी. त्यांच्या तरुणपणाचा फोटो घरात नाही. घरात असलेला बहुतेक प्रत्येक फोटो भूकंपानंतरचा, आणि त्यातले बरेच आजारपणातले.

या पिढीची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्यांनी त्या आठवड्यात पावसात एकाच जागी अनेक सरणं पेटलेली पाहिली. कुणाचा दहावा, कुणाचा तेरावा, कसला हिशेब राहिला नव्हता. ‘आपल्यापेक्षा वाईट लोकांवर गुदरलंय’ असं म्हणत त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल बोलणं सोडून दिलं. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला मोठा भाग मुलांनाही ठाऊक नसतो. ढिगाऱ्यातून कुणाला काढलं, कुणाला काढता आलं नाही, पत्र्याच्या शेडमध्ये किती दिवस काढले, हे त्यांनी घरात बसून कधी सांगितलंच नाही. कुणी सांगितलं असेल तर सोबत्यांना, पारावर, तंबाखू मळता मळता. तेव्हा एक काम त्या सोबत्यांकडे जाण्याचं.

आधी मात्र घरातल्या बाईकडे वळा. वडील गेले की भेटायला येणारे पाव्हणे मुलांशी बोलतात, जावयाशी बोलतात, आणि आजारपणात रात्र रात्र जागलेली बायको आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्या भोवती बायका रडतात, पण तिला कुणी काही विचारत नाही. तुमचे वडील तिला जेवढे माहीत, तेवढे तुम्हाला कधीच माहीत होणार नाहीत. लग्न होऊन आली तेव्हा ते कसे दिसायचे, पहिल्यांदा कशावरून भांडले, शहरात कामाला गेले तेव्हा पत्रात काय लिहायचे, दुष्काळात कुणापुढे हात पसरला आणि कुणापुढे पसरला नाही, हे तिलाच विचारा. एका बैठकीत नको. शेंगा फोडताना, तूर निवडताना, हातात काम असताना बाया मोकळं बोलतात. समोर मोबाइल धरून ‘आई, बोल आता’ म्हटलं तर ती ‘काय बोलू बया’ म्हणून पदर डोळ्याला लावेल आणि विषय संपेल. फोन बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग करतोय एवढं तिला सांगून ठेवा. चोरून करू नका.

तिच्याबद्दलच आणखी एक. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात आणि घरातल्याच थोरल्या बायका ते करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. परिपत्रकानं घर बदलत नाही, मुलानं बदलतं. ‘माझ्या आईच्या हातातल्या बांगडीला कुणी हात लावायचा नाही’ असं मुलानं एकदा ठणकावून सांगितलं की भावकी दोन दिवस कुजबुजते आणि गप्प बसते. ज्या माणसाची तिनं पाच वर्षं सेवा केली त्याची आठवण तिच्या मनात स्वतःच्या विटंबनेशी जोडली जावी, हे कुठल्याही मुलाला चालू नये.

आता फोटोचं. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर बॅनर लागतो. फोटो हवा म्हणून कुणीतरी आधारकार्डावरचा किंवा आजारपणातला चेहरा पाठवतं. स्टुडिओवाला तो कापून निळ्या कोटाच्या धडावर बसवतो, मागे ढग आणि तेवणारी ज्योत. जन्मभर धोतर, सदरा आणि टोपी घातलेला माणूस मेल्यावर टाय लावून उभा राहतो! हसू येतं, पण वर्षभरानं पाहा, भिंतीवर तोच फोटो कायमचा लागलेला असतो आणि नातवंडांना आजोबा कोटवालेच वाटतात. घाई करू नका. बॅनर लावायचाच असेल तर लावा, पण भिंतीवरचा फोटो महिना-दोन महिने शोधून ठरवा.

शोधायचा कुठे? आपल्या घरात नसेल तर ज्यांचं घर पडलं नाही त्यांच्याकडे. आत्याच्या, मावशीच्या, मामाच्या लग्नाचा अल्बम लातूरला, सोलापूरला, पुण्या-मुंबईच्या चाळीत सापडतो. त्यात वऱ्हाडाच्या तिसऱ्या रांगेत कुठेतरी आपला बाप उभा असतो, काळ्याभोर केसांचा, कॉलर वर केलेला. भूकंपाच्या काळात तात्पुरत्या वस्तीवर, नव्या घरांच्या वाटपात मदत करणाऱ्या लोकांनी खूप फोटो काढले. त्या लोकांशी अजून कुणाची ओळख असेल तर विचारा. गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांच्या दाखल्याची नोंद असते. तिथे फोटो मिळणार नाही, पण त्यांच्या बापानं सांगितलेली जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण मिळू शकतं. कारणाच्या रकान्यात ‘घरकामास’ हा एक शब्द लिहिलेला सापडला, तर त्यांच्या अख्ख्या बालपणाची कल्पना येते.

मुस्लिम घरांत फोटो लावण्याची रीत अनेकदा नसते, लिंगायत घरांत समाधी दिलेली जागाच आठवणीची जागा होते, बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला सगळे जमतात. रीत कुठलीही असो, आवाज, हस्ताक्षर आणि सांगितलेल्या गोष्टी कुठल्याच रीतीच्या आड येत नाहीत.

मग कागद. आजारपणात घरात दोन प्रकारचे कागद साठतात आणि एकाच पिशवीत कोंबले जातात. ते वेगळे करा. दवाखान्याची फाइल जाळू नका, तेराव्यानंतर पुष्कळ घरांत ती बंबात जाते. बायोप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या मोठ्या तपासण्या एका पाकिटात घालून ठेवा. बापाला कुठला कर्करोग होता, कितव्या वर्षी रक्तदाब सुरू झाला, ही माहिती उद्या तुमच्या आणि तुमच्या मुलांच्या डॉक्टरला लागेल. बाकीची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सलाइनच्या पावत्या पैशांचा हिशेब मिटला की टाकून द्या. उरलेली औषधं, विशेषतः झोपेची आणि तीव्र वेदनांची, शेजाऱ्याला देऊ नका, औषध दुकानदाराला किंवा आरोग्य केंद्रात विचारून विल्हेवाट लावा. कॉट, हवेची गादी, वॉकर, व्हीलचेअर मात्र महिन्याच्या आत गावातल्या दुसऱ्या आजारी माणसाच्या घरी पोहोचवा. कॉट निघून गेल्यावर ती खोली परत बैठकीची खोली होते. इतका साधा फरक, पण अनेक घरांत ती कॉट वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि कुणी त्यावर बसतही नाही.

दुसऱ्या प्रकारचे कागद हे त्या माणसाचे कागद. किल्लारीच्या साखर कारखान्याच्या शेअरचं सर्टिफिकेट, सोसायटीचं कर्जखातं, जुनी पासबुकं, बैल खरेदीची पावती, वारीला गेल्यावर आणलेली पावती, दिंडीतल्या लोकांचे पत्ते लिहिलेली वही. पासबुक उघडून वाचा. कुठल्या वर्षी एकदम पैसे काढले? ते बहिणीच्या बाळंतपणाचं साल निघतं, किंवा तुमच्या इंजिनिअरिंगच्या फीचं. १९९३ नंतर मिळालेल्या घराचा कागद असेल तर तोही बघा. पुनर्वसनात ज्याच्याकडे जेवढी जमीन, त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर मिळालं. आपल्या घराचं माप तेवढंच का, आणि भाऊ वेगळे कसे निघाले, हे त्या एका कागदावरून उलगडू शकतं. हे वाचत बसणं म्हणजे नुसती आवराआवर नाही. कित्येक मुलांना बापाची खरी ओळख पासबुकाच्या पानांवरच होते, कारण अशा बापानं घरासाठी काय सोडलं ते तोंडानं कधी सांगितलेलं नसतं.

भूकंपात पडलेलं जुनं गाव ज्यांनी पाहिलं त्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन एखाद्या सकाळी त्या जागेवर जा. बाभळी माजल्या असतील, चौथरे दिसत नसतील, तरी त्यांना पायाखाली गल्ली ओळखू येते. ‘इथं तुझ्या आजाचा वाडा, इथं आड, इथं मारुती, या बोळातून तुझा बाप शाळेला पळायचा.’ कागदावर एक कच्चा नकाशा काढून घ्या, घरांची नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सास्तूरच्या पट्ट्यात वडिलांची आठवण ठेवायचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही, आणि त्याला खर्चही नाही. फक्त ही माहिती असलेली माणसं दर वर्षी कमी होतायत.

तेराव्याला, वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतात. महाराज चांगले असतात, पण त्यांना तुमचे वडील माहीत नसतात. त्यामुळे कीर्तन जन्म-मरणाच्या फेऱ्यावर होतं, आणि शेवटी ‘असा देवमाणूस पुन्हा होणे नाही’. पुढाऱ्यांची भाषणं तर विचारूच नका. मनमिळाऊ, अजातशत्रू, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे! गावातल्या प्रत्येक मयताला हीच विशेषणं लागतात. यावर उपाय सोपा आहे. कीर्तनाच्या आधी महाराजांना एका चिठ्ठीवर तीन-चार खऱ्या गोष्टी लिहून द्या. माकणीच्या धरणाच्या कामावर किती दिवस गेले, ढिगाऱ्यातून शेजारच्या कुणाला बाहेर काढलं, कुठला अभंग त्यांना पाठ होता. चांगला कीर्तनकार त्यातून पाऊण तास बोलतो आणि लोक त्या माणसाला ओळखतात. आणि एवढं मात्र स्पष्ट सांगायला हवं, की दवाखान्यानं आधीच कर्जात बुडालेल्या घरानं तेराव्याला अख्ख्या गावाला गोडधोड घालू नये. नावं ठेवणारे लोक पाच वर्षांत एकदाही कॉटजवळ येऊन बसले नव्हते, हे आठवा.

गेलेल्या माणसाला देव करू नका, असंही मला सांगावंसं वाटतं. मराठीत नवऱ्याच्या आठवणी लिहिण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले, रमाबाई रानड्यांचं आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं. त्यात देशभर मान असलेला न्यायाधीश घरात बायकोला अक्षरं शिकवताना आणि घरातल्या बायकांच्या रागाच्या मध्ये सापडलेला दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली, रेव्हरंड टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. टिळकांचा शीघ्रकोप, हातचं सगळं वाटून टाकणं, कुणाला न सांगता घरातून निघून जाणं, काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेलं नाही. तरी पुस्तक मिटताना टिळकांवर जीव जडतो. लक्ष्मीबाईंचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. ‘आम्हाला लिहिता येत नाही’ ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही.

वडील तापट होते, तर तापट होते असं लिहा. तंबाखू सुटली नाही, तर तेही लिहा. भावाशी बांधावरून दहा वर्षं बोलले नाहीत आणि मग भावाच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभे राहून रडले, हे लिहिल्यावर तो माणूस उभा राहतो. ‘प्रेमळ वडील’ एवढ्या दोन शब्दांत कुणाचेच वडील दिसत नाहीत.

एक गोष्ट घरोघरी असते आणि कुणी बोलत नाही. माणूस गेल्यावर सुटल्यासारखं वाटतं. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या फेऱ्या, सोलापूर-लातूरच्या खेपा, रात्री दोनदा अंथरूण बदलणं, उसनवारी, हे सगळं थांबतं आणि पहिल्यांदा सलग झोप लागते. सकाळी उठल्यावर मन खायला उठतं : ‘बाप गेला आणि मी झोपलो?’ आजारपणात कधी तरी ‘सुटले तर बरं’ असं मनात येऊन गेलेलं असतं, ते टोचत राहतं. हे स्वाभाविक आहे. एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञानं १९४४ सालीच मृत्यूच्या आधी सुरू होणाऱ्या शोकाबद्दल लिहिलं होतं. दीर्घ आजारात घरचे लोक अर्धा शोक माणूस जिवंत असतानाच करून चुकलेले असतात. त्यामुळे तेराव्याला डोळ्यांत पाणी आलं नाही तर तुम्ही दगड आहात असा त्याचा अर्थ नाही. रडू सहा महिन्यांनी, बाजारात त्यांच्या आवडीचे बोंडे दिसल्यावर येईल, आणि आलं तर येऊ द्या.

मात्र सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं काम, जेवण, झोप सावरत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं कुणी वरचेवर बोलत असेल, तर ते ‘मन हळवं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनंही सहा महिन्यांहून जास्त रेंगाळणाऱ्या, माणसाला खिळवून ठेवणाऱ्या शोकाला उपचार लागणारी स्थिती मानलं आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर चोवीस तास मोफत असतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका करण्याचं बोलणं कानावर आलं तर सहा महिन्यांची वाट बघायची नसते, त्याच दिवशी फोन करायचा आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. सेवा करणाऱ्या बाईचा रक्तदाब, साखर, डोळे हे सगळं आजारपणाच्या वर्षांत दुर्लक्षित राहिलेलं असतं. सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, नाहीतर जवळचं जे असेल ते. महिन्याभरात तिची तपासणी करून घ्या. आठवणी सांगणारीच आजारी पडली तर काय उरलं?

सरकारी कामांबद्दल थोडक्यात, कारण ती लांबली की घरातली भांडणं आठवणींवर येऊन आदळतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर तिथून होते, पण दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय का ते स्वतः वाचून बघा. सातबाऱ्यावर वारस लावण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा. गेलेल्याचं वय ५५ च्या आत असेल तर पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद शोधा. ती जीवनज्योती विम्याची असते आणि वारसाला २ लाख मिळतात. कितीतरी घरांना हा विमा असल्याचंच ठाऊक नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात, त्यासाठी तहसीलला अर्ज करा.

आणि एक वाईट सवय. रडायला आलेल्या बहिणींकडून त्याच दिवसांत हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बाई दुःखात असते, ‘मला काय करायचंय भाऊ’ म्हणत सही करते आणि दोन वर्षांनी तिचं माहेरी येणं बंद होतं. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिनं तो सोडायचा की ठेवायचा हे ती नंतर, शांतपणे ठरवेल. बापाबद्दलच्या निम्म्या आठवणी तिच्याकडे असतात, तिला तोडलं तर त्याही गेल्या.

लहान मुलांचं आधी म्हटलंच. त्यांना ‘आजोबा देवाघरी गेले’ सांगून गप्प करू नका. आजोबा आजारी कशानं होते, ते कधी कधी का ओरडायचे, मेंदूला मार बसला की माणसाचा स्वभाव कसा बदलतो, हे सरळ सांगा. पोराच्या मनात ‘आजोबा माझ्यावर चिडायचे’ एवढंच राहून जाता कामा नये. मग त्यांना आजोबांचं एखादं काम शिकवा. तिफण धरणं आता कुणाला जमणार, पण पखवाजावर चार बोल, ज्वारीचं कणीस पाहून दाणा भरला की नाही ते सांगणं, गाईला हात लावून ताप ओळखणं, यातलं काहीतरी. आजोबांनी वापरलेली एखादी वस्तू, कुदळ, चष्मा, अडकित्ता, मुलाच्या नावानं द्या. मखरात ठेवू नका, वापरू द्या.

पुतळे, कमानी, संगमरवरी पाट्या यांच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा आहेच तर शाळेच्या वाचनालयाला दर वर्षी ठरावीक पुस्तकं द्या, किंवा डायलिसिसच्या रुग्णाच्या गाडीभाड्याची काही महिन्यांची सोय करा. ३० सप्टेंबरला या भागात भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. ज्या घरात भूकंपातून वाचलेला माणूस नंतर आजारानं गेला, त्यांनी त्या दिवशी त्याचीही गोष्ट मुलांसमोर सांगायला हरकत नाही. तोही त्या रात्रीचा साक्षीदार होता.

शेवटी फोन, कारण त्याला मुदत आहे. त्यांच्या सिमला रिचार्ज केला नाही तर ते काही काळानं बंद पडतं आणि नंतर तो नंबर दुसऱ्याला दिला जातो. बँक, आधार, सोसायटी, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून व्यवहार मिटेपर्यंत ते चालू ठेवा. १२० दिवस वापर नसलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं, दोन वर्षं न उघडलेलं गुगलचं खातं फोटोंसकट जाऊ शकतं. ‘पोचलास का रे’ विचारणारा त्यांचा बारा सेकंदांचा व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्ये असेल, बहिणीच्या फोनमध्ये असेल, पुण्यातल्या भाच्याच्या फोनमध्ये असेल. आजारपणाच्या आधीचे मेसेज शोधा. त्यातला आवाज धड असतो. ते सगळे एका पेनड्राइव्हवर उतरवा, दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, आणि हे काम या आठवड्यातच करा.